हो, नाही आणि आमची मावशी

आमच्या इमारतीत अशी वदंता आहे की माझी मावशी ढोंगी आहे. कोणी बघत नसलं की ती चाकांच्या खुर्चीतून उठते आणि चांगली तरातरा चालते. ही बातमी पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोडली. काकू असं काही सांगायचं असलं की आधी आवाज खाली घेतात आणि मग तो हळूहळू जिन्यापर्यंत नेतात. 'मला काय करायचंय बाई, पण मी या डोळ्यांनी पाहिलं. व्हॅनमधून उतरली. पायांनी.' शेवटच्या शब्दावर त्या भुवया वर करतात, जणू बाकीचे लोक व्हॅनमधून कानांनी उतरतात. मग बातमी जिना उतरता उतरता वाढत गेली. तळमजल्यावर पोचली तेव्हा मावशी शिडीवर चढून दिवा बदलत होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तर मला विचारलं, 'तुझी मावशी सरकारला फसवून धावायला जाते ते खरं का गं?'

खरं असं आहे की मावशी चालते. पण चोरून नाही, सगळ्यांच्या देखत चालते. आणि रोज चालत नाही.

तिला नसांचा आजार आहे. डॉक्टर त्याला एक लांबलचक नाव घेऊन बोलावतात. मावशी त्याला 'भाडेकरू' म्हणते, कारण तो जागा सोडत नाही आणि कधी घरात आहे, कधी बाहेर, ते कोणाला सांगत नाही. एखाद्या दिवशी ती भिंत धरून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत येते. एखाद्या दिवशी काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊन काकूंना हात करून येते. आणि एखाद्या दिवशी खुर्चीच्या पाटीवर स्वतःचं पाऊल ठेवायलाही तिला दोन्ही हातांनी ते उचलावं लागतं. आज यातलं काय, हे पाय जमिनीला लागेपर्यंत तिलाही कळत नाही. आई सकाळी चहा ठेवताना तिकडूनच विचारते, 'काय ताई, आज?' मग पलंगाची कुरकुर ऐकू येते, जरा शांतता, आणि उत्तर येतं, 'आज आहे घरात,' किंवा, 'आज गेलाय कुठेतरी.' घरात म्हणजे भाडेकरू. आमच्याकडे पाहुणे आले की हे ऐकून बुचकळ्यात पडतात.

मावशी दात करते. म्हणजे कवळ्या. आमच्या रस्त्याच्या टोकाला जो चढ आहे त्याच्या माथ्यावर एक कार्यशाळा आहे. गावातले दातांचे डॉक्टर तिथे मापं पाठवतात. खिडकीजवळच्या टेबलाशी मावशी बसते. बाजूला गॅसची बारीक ज्योत, पुढ्यात गुलाबी मेण, आणि फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे, सगळे कोणावर तरी चिडल्यासारखे. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवायचा, मध्ये निळा कागद धरायचा आणि जिथे डाग जास्त उठेल तिथे तेवढंच घासायचं. घासायचं यंत्र, ज्योत, धूळ, या सगळ्यामुळे हे काम घरी आणता येत नाही. आणायचं म्हटलं तरी मावशी आणणार नाही. 'त्या टेबलाशी बसले की मी आजारी बाई नसते,' ती म्हणते, 'नुसती कवळीवाली असते.'

या टेबलापर्यंत तिला पालिकेची व्हॅन नेत होती. चढ असा आहे की बरे पाय असले तरी तिला तो जमत नाही. बसला उंच पायरी. आणि भाड्याच्या गाड्यांच्या चालकांना खुर्ची दिसली की अचानक दुसरीकडे जायचं आठवतं. व्हॅन मात्र घराशी यायची. मागचं दार उघडलं की लोखंडी फळी खाली यायची, मावशी खुर्चीसकट तिच्यावर, बटण दाबलं की वर. व्हॅनवाले काका बटण दाबताना दर वेळी म्हणायचे, 'चला, विमान सुटलं.' दर वेळी. मावशी दर वेळी हसायची. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, 'माणूस एवढ्या सकाळी विनोद करतोय, निदान हसावं.'

मग एका संध्याकाळी ते विमान अर्ध्यावर अडकलं. आमच्याच फाटकापाशी. फळी खाली येता येता गुडघ्याच्या उंचीवर थांबली आणि वरही जाईना, खालीही येईना. काकांनी बटण दाबलं, फळीला लाथ घातली, देवाचं नाव घेतलं, मग दुसरं काहीतरी घेतलं. गाडीत मागे एक म्हातारे आजोबा होते. त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात पोचायचं होतं, आणि ते सारखे घड्याळाकडे बघत होते. त्या दिवशी मावशीचा भाडेकरू बाहेर गेलेला होता. ती म्हणाली, 'हात द्या हो.' काकांनी हात दिला. ती खुर्चीतून उठली आणि एक पाय, मग दुसरा, अशी खाली उतरली. खुर्ची मागून काढली. वरून काकूंनी हे सगळं पाहिलं.

व्हॅनवाल्या काकांना प्रत्येक माणूस उतरला की फोनवर नोंद करावी लागते. लाभार्थी कसा उतरला? तिथे तीन पर्याय असतात: लिफ्टने, चालत, लिफ्ट नादुरुस्त. तिसऱ्यावर बोट ठेवलं की गाडी लगेच दुरुस्तीला बोलावून घेतात आणि ती कधी परत येईल ते कोणी सांगत नाही. काकांनी आजोबांकडे पाहिलं आणि 'चालत' वर बोट ठेवलं.

काही दिवसांनी पत्र आलं. लाभार्थी चालू शकत असल्याचे निदर्शनास आल्याने वाहनसेवा स्थगित.

काका स्वतः घरी आले. दारातच उभे, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत. 'ताई, माझ्यामुळे झालं.'

'तुमच्यामुळे कसं? चालतच उतरले ना मी.'

'हो, पण तसं नाही ना ते.'

'नाही तसं. पण खोटं पण नाही.'

'मी सांगतो ना वर, लिफ्ट अडकली होती म्हणून.'

'मग तुमची गाडी जाईल. आजोबांना कोण नेणार?'

काका जुडगा फिरवायचे थांबले. जाताना त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, 'तुझी मावशी रागवली असती तर बरं वाटलं असतं गं.'

मावशी रागवत नाही असं नाही. ती खिडकीवर रागवली. खिडकी म्हणजे पालिकेतली. तिथे एक दिव्यांग कक्ष आहे, त्याची पाटी नव्याने रंगवलेली आहे आणि खालचं जुनं नाव अजून रंगातून डोकावतं. आत एक लांब काउंटर, वर काच, आणि काचेला बोलायसाठी गोल भोक. हे भोक उभ्या माणसाच्या तोंडासमोर येतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर काउंटरचं लाकूड येतं. ज्या कक्षात खुर्चीतली माणसं येणार हे पाटीवरच लिहिलंय, तिथे हे भोक कोणी पाडलं आणि पाडताना तो कशाचा विचार करत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

काचेमागे एक गृहस्थ होते. सर्दी झाल्यासारखा आवाज आणि दर वाक्याला 'बरं का' ची शेपटी.

'अपंग कोण... म्हणजे दिव्यांग कोण? आता अपंग म्हणायचं नाही, बरं का. परिपत्रक आलंय.'

'मी,' मावशी लाकडाआडून म्हणाली.

'कोण?'

'मी.'

'आवाज येत नाही, बरं का. जरा उभं राहून बोला.'

मावशीचे पाय त्या दिवशी बरे होते. तिला कोणी नीट काही सांगितलं की ती ऐकते, तशी वळणाची आहे. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवलेसुद्धा. मग उचलून मांडीवर ठेवले.

'उभी राहिले तर ते तुम्ही लिहून घ्याल का?'

'काय म्हणतायत त्या?' त्यांनी मला विचारलं.

मी भोकाशी तोंड नेलं. मला एखाद्याचं म्हणणं सांगायचं असलं की ते त्याच्याच आवाजात येतं, त्याला माझा इलाज नाही. 'उभी राहिले तर ते तुम्ही लिहून घ्याल का?'

ते दचकले. माझ्याकडे बघितलं, मग काचेला कपाळ लावून खाली मावशीकडे बघितलं. 'यांचा आवाज वरून कसा आला?'

'मैना, नीट बोल,' मावशी खालून म्हणाली. ती मला मैना म्हणते.

पुढचं सगळं माझ्या तोंडून झालं. त्यांनी फाईल उघडली. जुन्या तपासणीत चालता येतं काय, यापुढे 'नाही' होतं. आता नोंद आली होती 'चालत'. 'म्हणजे दोनातलं एक खोटं, बरं का.'

'दोन्ही खरी आहेत,' मावशी म्हणाली, मी म्हटलं.

'असं कसं? चालता येतं तुम्हाला?'

'कधी कधी.'

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यांना आम्हाला खोटं पाडायचं नव्हतं. दुकानदार जसा शेवटी कपाट उघडून दाखवतो की बघा, नाहीये माझ्याकडे, तसं. पडद्यावर प्रश्न होता आणि खाली दोन गोल. हो. नाही. 'यात "कधी कधी" कुठे टाकू, तुम्हीच सांगा.'

'आज हो,' मावशी म्हणाली. 'परवा नाही. काल भिंत धरून.'

'भिंतीचं पण नाहीये, बरं का.'

'मग दोन्ही गोल भरा.'

त्यांनी खरंच करून दाखवलं. एक भरला की दुसरा रिकामा होत होता. ते एकदा इकडे, एकदा तिकडे दाबत राहिले, आणि आम्ही दोघी बघत राहिलो. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. मग ते भोकाजवळ आले आणि आवाज एकदम घरचा झाला. 'पोरी, त्यांना सांग, "नाही" म्हणा. सगळे म्हणतात. मी "नाही" टाकतो, व्हॅन चालू. सुटलो आपण.'

मावशीने हे माझ्या मदतीशिवाय ऐकलं. 'आणि उद्या मला कोणी फाटकापाशी उभं बघितलं तर?'

मी विचारलं.

'तर मग ढोंगी ठरणार, बरं का. वसुली पण लागू शकते.'

'आणि "हो" म्हटलं तर?'

'तर मग व्हॅन कशाला?'

मावशीने खुर्ची वळवली. बाहेर आल्यावर वर पाटीकडे बघून म्हणाली, 'नाव छान ठेवलंय.'

घरी आईचा पारा चढला. आता मावशीला चढावर रोज सकाळी घरचं आटोपून आईच ढकलत नेत होती, आणि मग स्वतःच्या दुकानात उशिरा पोचून बोलणी खात होती. आई कापडाच्या दुकानात बिलं करते. तिथले शेठ कोणाला ओरडत नाहीत, नुसते 'या, या, वहिनी, वेळेवर आलात' म्हणतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं. मी ते घरी एकदा करून दाखवलं, आई अर्धं हसली आणि अर्धी रडकुंडीला आली, तेव्हापासून ते मी करत नाही.

'ताई, म्हण ना एकदाचं "नाही". कोणाचं काय जातंय?'

'माझं जातंय.'

'काय जातंय तुझं? मी दुकानात बोलणी खाते, ती कोणाची जातात? तुझे मालक काय म्हणाले परवा? हा महिना कसातरी काढतो म्हणाले ना? टेबल किती दिवस उशिरा उघडणार? नवीन मुलगा येऊन बसलाय तिथे.'

हे खरं होतं. मालक मला फाटकात भेटले होते. ते वाक्य पूर्ण करत नाहीत. 'बाईंचं काम म्हणजे... पण मी तरी किती... महिनाअखेर बघू, नाहीतर मग... असो.' त्या 'असो' मध्ये मावशीचं टेबल होतं.

आईने सगळ्या बाजूंनी समजावलं. गोड बोलून, ओरडून, माझ्याकडे बघत, भिंतीकडे बघत. शेवटी म्हणाली, 'तुझ्यापुढे बोलून माझ्या दाताच्या कण्या झाल्या.'

'बघू. नवीन करून देते.'

आई हसली नाही. मावशीने खुर्ची जरा पुढे घेतली. 'तुला आठवतं, पहिल्या वेळेला काय झालं? डॉक्टर चांगला होता, त्याने न विचारता "नाही" टाकलं. म्हणाला, तुमचं भलं होईल. व्हॅन मिळाली. मग? ज्या दिवशी पाय बरे असायचे त्या दिवशी तू आधी पडदे ओढायचीस. मग मी उठायचे.'

आई ओट्याकडे वळली.

'फाटकात जायचं नाही. गच्चीत उभं राहायचं नाही. बरा दिवस आला की मी चोर. शेवटी मीच ते सोडलं. आजारी दिवस आहेत ते आहेतच, ते कोणी घेत नाही. बरे येतात तेवढे तरी माझे राहू देत ना. ते पण पालिकेला देऊ?'

आईने पातेलं घासायला घेतलं आणि ते आधीच घासलेलं होतं.

मग मावशी मॅडमकडे गेली. मॅडम म्हणजे खिडकीच्या वरच्या अधिकारी. त्यांच्या खोलीत जायला मिळावं म्हणून आम्ही बरेच खेटे घातले. पण भेटल्यावर खरं सांगते, त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. टेबलामागून उठून त्या आमच्या बाजूला आल्या, एक खुर्ची ओढली आणि मावशीच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशा बसल्या. आवाज जड, झोपेतून आल्यासारखा, आणि प्रत्येक वाक्याला आधी 'काय आहे ना' ची पायरी.

'काय आहे ना, ताई, मला तुमचं म्हणणं अगदी पटतंय.'

'मग करा,' मावशी म्हणाली.

'काय आहे ना, मी फक्त मंजुरी देते. माहिती भरायची खिडकीवर.'

'ते म्हणतात मॅडमनी सांगितलं तर टाकतो.'

'सांगते ना मी. आजच फोन करते त्यांना. बघू या हं आपण.'

'हं' म्हणताना त्या मान डावीकडे कलती करतात. मी बाहेर येईपर्यंत ती मान मला आली होती.

पुढे जे झालं त्याला झालं म्हणता येत नाही. मी रोज शाळेतून आले की खिडकीवर फोन लावायची. 'मॅडमचा फोन आला का?' 'नाही आला, बरं का. आला की लगेच टाकतो.' मग मॅडमच्या खोलीत फोन. कोणीतरी उचलायचं, 'मॅडम बैठकीत आहेत.' बैठक संपायचीच नाही. मला वाटायला लागलं की त्या पालिकेत मुळात एकच मोठी बैठक असेल आणि बाकीचे सगळे तिच्या बाहेर फोन उचलायला ठेवलेले असतील. खिडकी मॅडमकडे बोट दाखवत होती, मॅडम खिडकीकडे. मध्ये मावशी, आणि तिला चढावर ढकलणारी आई, आणि दिवसेंदिवस संपत चाललेला महिना. शेवटच्या आठवड्यात मालकांनी मावशीचे जबडे फळीवरून काढून खोक्यात ठेवले. 'धूळ बसते म्हणून... बाकी काही नाही... असो.'

त्या दिवशी दुपारी मावशी पलंगावर होती. भाडेकरू घरात होता, आणि चांगलं सामान पसरून बसला होता. पाठीशी उशा, हातात मेणाचा एक तुकडा, तो उगाच मळत. आई दुकानात. मी शाळेतून आले होते आणि फोनवर नुकतंच 'मॅडम बैठकीत आहेत' ऐकलं होतं.

'घोडं कुठे अडलंय कळतंय मला,' मी म्हटलं. 'मॅडम एकदा त्याच्याशी बोलल्या ना, की झालं. तो टाकायला तयार आहे. त्या सांगायला तयार आहेत. नुसता फोन व्हायचा राहिलाय.'

'तुला असं वाटतं?'

'एक फोन. "काय आहे ना, जरा बघू या हं आपण."'

मावशीने मेण मळायचं थांबवलं. 'परत म्हण.'

मी परत म्हटलं, मानेसकट.

'अगं कार्टे,' ती म्हणाली, आणि बराच वेळ हसली. मग हसू आवरून म्हणाली, 'मॅडमनी सांगितलं तरी काही होणार नाही.'

'का नाही होणार? तो म्हणालाय ना, सांगितलं तर टाकतो.'

'म्हणाला असेल. पण त्याच्या हातात नाही, तिच्याही नाही. तू ते दोन गोल बघितलेस ना? एक भरला की दुसरा रिकामा. तो काही हट्ट करत नव्हता.'

'लाव पैज.'

'काय लावायची?'

'मी जिंकले तर तुझी खुर्ची घेऊन चढावरून खाली येणार. एकटी. ब्रेक न लावता.'

'मर मग. आणि हरलीस तर?'

'तू सांग.'

'हरलीस तर रोज सकाळी चढ तुझा. शाळेच्या आधी. तुझ्या आईला वेळेवर दुकानात जाऊ दे.'

'चालेल.'

'पण मॅडम होऊन हुकूम द्यायचा नाही,' मावशी म्हणाली. 'कोणाच्या नावाने कागद हलवायचा नाही. नुसतं विचारायचं, करता येईल का. तो हो म्हणाला की लगेच फोन ठेवायचा. उद्या मी स्वतः जाऊन मॅडमच्या दाराशी बसते, आणि त्यांनी खरा फोन करेपर्यंत उठत नाही.'

'तशी तू उठतेस कुठे,' मी म्हटलं. तिने मला मेणाचा तुकडा फेकून मारला.

मी फोनचा स्पीकर लावला, घसा साफ केला, झोप आणली, मान कलती केली. मान फोनमधून दिसत नाही, पण तिच्याशिवाय आवाज लागत नाही.

'हॅलो, कक्ष, बोला.'

'काय आहे ना,' मी म्हटलं, 'जरा बोलायचं होतं.'

'मॅडम, बोला ना मॅडम.' खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बहुतेक उभे राहिले. मावशीने उशीचा कोपरा तोंडात धरला.

'ते दातांच्या बाईंचं काय आहे ना. खुर्चीवाल्या. चालतात, कधी चालत नाहीत.'

'हो मॅडम, लक्षात आहेत. त्यांची ती मुलगी पण येते, बरं का, चमत्कारिक आहे जरा.'

मावशीचे खांदे हलायला लागले. मी तिच्याकडे पाठ केली.

'त्यांचं "हो" आणि "नाही" च्या मधलं काही टाकता येईल का? शेरा वगैरे? बघू या हं आपण.'

तिकडे शांतता झाली. मला वाटलं पकडले गेले. पण ते शोधत होते असंही वाटलं नाही, कळा दाबल्याचा आवाज नव्हता. मग ते बोलले तेव्हा सर्दी तीच होती पण 'बरं का' गळून पडलं होतं.

'मॅडम, तुमच्या आईंच्या वेळी आपण सगळं करून पाहिलंच होतं ना. शेरा घेत नाही. दोन्ही भरले तर एक पुसतं. तुम्ही वर पत्र पण दिलं होतंत. वरून काय आलं, एक निवडा. मग तुम्हीच म्हणालात राहू दे.'

मागे मावशी हसायची थांबली होती.

'मी त्या बाईंना म्हटलं होतं, "नाही" म्हणा म्हणून,' ते म्हणाले. 'तुमच्या आई पण नव्हत्या तयार झाल्या.' मग जरा थांबून, 'कशा आहेत आता आई?'

मॅडमचा आवाज माझ्याकडे तयार होता, मानेसकट, पण त्यांची आई माझ्याकडे नव्हती. 'बरं आहे,' असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला. ते कोणाच्या आवाजात म्हटलं हे मला सांगता येणार नाही.

मावशीने उशी बाजूला ठेवली. 'म्हणून बोलल्या नाहीत त्या,' ती म्हणाली. 'काय बोलणार बिचारी.'

'मग आता?'

'आता काय. टेबल तिथंच आहे, वेळेवर पोचायला हवं. खोक्यातले जबडे फळीवर परत लावायचेत.' तिने माझ्याकडे बघितलं. तोंडावर हसू होतं, पण जिंकलेल्या माणसाचं नव्हतं. 'पैज कोण हरलं?'

'मी.'

'मोठ्याने म्हण. तुझ्याच आवाजात.'

'मी हरले.'

'हं. मग सकाळी लवकर ऊठ. आणि निघायच्या आधी चाकांत हवा बघ, डावं जरा बसलंय.'